पणजोबा सैन्यात होते? नावाने नाही, नंबराने शोधा!

आमच्या घरात एक प्रश्न शंभर वर्षं पडून होता. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळात पलटणीत भरती झाले आणि परत आलेच नाहीत. आजोबा तेव्हा पाळण्यात होते. गावात कुणी म्हणायचं, अफगाणात हरवला. कुणी म्हणायचं, पळाला आणि तिकडेच दुसरा संसार थाटला. पणजीने हे आयुष्यभर ऐकलं.

माझी आजी आता 91 वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत ती मला म्हणाली, "तुझ्या त्या मोबाईलमध्ये सगळं सापडतं म्हणतोस ना? मग तुझा पणजोबा कुठं गेला तेवढं सांग."

मी लगेच गूगलवर पणजोबांचं नाव टाकलं. काहीच आलं नाही. पुढचे चार महिने मी जे शिकलो ते आज तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमचे चार महिने वाचतील. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: सैनिक नावाने सापडत नाही, तो नंबर आणि पलटण यांनी सापडतो. आणि हा नंबर बहुतेक वेळा इंटरनेटवर नसतो, घरातल्या पेन्शनच्या कागदावर असतो.

स्टेप 1: आधी माणसं, मग मोबाईल

फोनमधलं व्हॉइस रेकॉर्डर ॲप उघडा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. "पणजोबांबद्दल सांगा" असं मोघम विचारू नका. नेमकं विचारा:

- कोणती पलटण म्हणायचे? (नाव, आकडा, टोपणनाव, काहीही चालेल.)
- घरी पैसे यायचे का? कुणाच्या नावावर? कुठे जाऊन आणायचे?
- पदक, पितळी बिल्ला, इंग्रजी कागद असं काही जपून ठेवलंय का?
- जमीन पुढे कुणाच्या नावावर झाली?

माझ्या आजीने दुसऱ्याच प्रश्नाला सगळं बदलून टाकलं. ती म्हणाली, "आत्याबाई दर महिन्याला तालुक्याच्या कचेरीत जायच्या. मी नवी सून, मी पण जायची सोबत. अंगठा द्यायचा आणि पेन्शन घ्यायची."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी पणजी. मी विचारलं, "पेन्शन कसली?" आजी म्हणाली, "नवऱ्याची. त्या म्हणायच्याच, पळपुट्याच्या बायकोला सरकार पैसे देतं होय?"

इथे मी थांबलो. कारण पणजीचा मुद्दा एकदम बरोबर होता. सैन्यातून पळालेल्या शिपायाच्या बायकोला कुटुंब पेन्शन मिळत नाही. पेन्शन द्यायच्या आधी सरकार माणूस कोण, पलटण कोणती, काय झालं आणि वारस कोण, हे सगळं तपासतं. आठवणी बदलतात, पण पैशाचा कागद सहसा खोटं बोलत नाही.

स्टेप 2: ट्रंक उघडा

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या कागदांच्या घडीत, आम्हाला पणजीचा पेन्शनचा कागद सापडला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. असा कागद सापडला तर:

1. लॅमिनेशन अजिबात करू नका. एकदा केलं की ते निघत नाही.
2. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. आधी पूर्ण कागदाचा, मग प्रत्येक कोपऱ्याचा जवळून.
3. मागची बाजू विसरू नका. शिक्के आणि पेन्सिलीने लिहिलेले आकडे बऱ्याचदा मागेच असतात.
4. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि अक्षरं फुटतात.

छापील इंग्रजी अक्षरं गूगल लेन्सने लगेच वाचली. हाताने लिहिलेलं मात्र त्याला जमलं नाही. ते झूम करून आपल्यालाच लावावं लागतं. जुना कागद मोडी लिपीत असेल तर मोडी वाचणारा माणूस शोधा.

आमच्या कागदावरून चार गोष्टी मिळाल्या: नंबर, हुद्दा (शिपाई), पलटण (103) आणि पेन्शन कधीपासून सुरू झाली ती तारीख. ती तारीख 1919 च्या डिसेंबरमधली होती. म्हणजे महायुद्ध संपून वर्ष उलटल्यानंतरची! मग ते कोणत्या लढाईत गेले?

स्टेप 3: पदकाची कड वाचा

त्याच ट्रंकेत एक चांदीचं पदक होतं. घरात सगळे त्याला "राजाचं नाणं" म्हणायचे, कारण एका बाजूला पंचम जॉर्जचा चेहरा आहे. दुसऱ्या बाजूला डोंगर आणि किल्ला. हा किल्ला म्हणजे खैबर खिंडीच्या तोंडावरचा जमरूद. हे पदक इंडिया जनरल सर्व्हिस मेडल, 1908 चं. त्याची फीत हिरवी असते आणि मधोमध निळा पट्टा असतो. सरहद्दीवरच्या मोहिमांसाठी हे पदक दिलं जायचं आणि कोणती मोहीम ते वरच्या आडव्या पट्टीवर लिहिलेलं असायचं. आमच्या पट्टीवर आहे: वझिरिस्तान 1919-21.

आता खरी ट्रिक. पदकाच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असतात. झिजलेली अक्षरं वाचण्यासाठी खोलीत अंधार करा, दुसऱ्या फोनचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि पदक हळूहळू फिरवत व्हिडिओ घ्या. आडव्या उजेडात खोलगट अक्षरांना सावली पडते आणि ती उठून दिसतात. पदकाला पॉलिश करू नका, घासण्याने नाव कायमचं जातं.

पेन्शनच्या कागदावरचा नंबर आणि कडेवरचा नंबर एकच निघाला. माणूस पक्का झाला.

स्टेप 4: पलटणीचं आजचं नाव काढा

1922 साली इंग्रजांनी सैन्याची फेररचना केली आणि पलटणींचे आकडे बदलले. मराठा पलटणींपैकी 103 ही पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, 105 दुसरी, 110 तिसरी, 116 चौथी, 117 पाचवी आणि 114 दहावी. तुमच्या घरात "जंगी पलटण" म्हणत असतील तर ती पहिली बटालियन, म्हणजे जुनी 103. "काली पाचवी" म्हणत असतील तर दुसरी, म्हणजे जुनी 105. रेजिमेंटचं केंद्र आज बेळगावला आहे.

पण आपल्याकडचे सगळेच मराठा पलटणीत नव्हते. कुणी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होते, कुणी पायोनियर पलटणीत, कुणी 1917 साली उभारलेल्या 111 महार पलटणीत. म्हणून अंदाज करू नका, कागद काय म्हणतो ते बघा.

स्टेप 5: आता इंटरनेट

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवते. त्यांच्या वेबसाइटवर शोध फुकट आहे. पहिल्या महायुद्धासाठी ते 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळातले मृत्यू धरतात, म्हणून डिसेंबर 1919 सुद्धा त्यात बसतो.

साइटवर ॲडव्हान्स्ड सर्च उघडा आणि असं करा:

- नावाचा रकाना रिकामा ठेवा.
- सैन्य: इंडियन. युद्ध: पहिलं महायुद्ध.
- सर्व्हिस नंबर टाका. त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे असायचे, म्हणून एकाच नंबरचे अनेक सैनिक दिसतील. त्यातून आपली पलटण निवडा.
- नंबर नसेल तर पलटण आणि मृत्यूचं वर्ष टाका, आणि जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गाव किंवा तालुका टाकून बघा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं.

नाव का नाही टाकायचं? कारण इंग्रज कारकुनाने ते कानाला लागलं तसं लिहिलं. शिंदेमधला एच गायब, पवारचा पोवार, जाधवचा जाधो. आडनाव बऱ्याचदा नसतंच. आमच्या पणजोबांचं नाव अशा स्पेलिंगने लिहिलं होतं की मी सात जन्मात ते टाइप केलं नसतं. पण नंबर तोच, पलटण तीच. पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, आणि आमचं गाव.

नोंदीत स्मारकाचं नाव होतं: दिल्ली मेमोरियल, इंडिया गेट.

इंडिया गेटवर कुणाची नावं आहेत?

आपण सगळ्यांनी तिथे फोटो काढलेत, पण मला हे माहीत नव्हतं. इंडिया गेट महायुद्धात गेलेल्या सगळ्या भारतीय सैनिकांसाठी उभारलं आहे. पण त्यावर 13 हजारांहून जास्त नावं कोरली आहेत ती मुख्यतः हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर आणि 1919 च्या तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची.

तिसरं अफगाण युद्ध मे ते ऑगस्ट 1919 असं चाललं. ते थांबलं, पण वझिरिस्तानात महसूद आणि वझीर टोळ्यांशी लढाई पेटलीच राहिली. डिसेंबर 1919 मध्ये पलोसीनाजवळच्या टेकड्यांवर मोठ्या चकमकी झाल्या आणि 103 मराठा त्यात होती. पणजोबांच्या मृत्यूची तारीख त्याच आठवड्यातली आहे.

म्हणजे "अफगाणात हरवला" हे म्हणणाऱ्यांचं दिशेपुरतं बरोबर होतं. पळाला म्हणणाऱ्यांचं साफ चूक.

तुमचे पणजोबा जिवंत परत आले असतील तर?

मग वॉर ग्रेव्हजच्या साइटवर ते नसणार. तेव्हा हे मार्ग बघा:

- पेन्शन बुक: त्यात नंबर, पलटण आणि पेन्शन सुरू झाल्याची तारीख मिळते.
- रेकॉर्ड ऑफिस: नंबर मिळाला की रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात विचारता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो, फी 10 रुपये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. मला एका ठिकाणाहून "अभिलेख उपलब्ध नाही" एवढंच उत्तर आलं. इतके जुने कागद बऱ्याचदा राहिलेले नसतात, नाराज होऊ नका.
- फेरफार: माणूस गेल्यावर जमिनीला वारस लागतात, त्या नोंदीत मृत्यू आणि वारस दोन्ही असतात. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन "आपले अभिलेख" साइटवर आलेत.
- गाव नमुना 14: म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची जुनी नोंद. तहसील कार्यालयात विचारा.
- गावातला दगड: साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जणांचं स्मारक आहे. अशा पाट्या इतर गावांतही आहेत. आपल्या चावडीची भिंत नीट बघा.

पंजाबच्या शिपायांची जुनी रजिस्टरं लाहोर म्युझियममध्ये सापडली आणि ती ऑनलाइन आली आहेत. पण ती पंजाबची, त्यात सातारा-रत्नागिरी शोधत बसू नका.

जरा सांभाळून

"पणजोबांच्या पेन्शनची थकबाकी काढून देतो" म्हणून फोन आला तर ठेवून द्या. ओटीपी, आधार, घरातल्या हयात पेन्शनरचे कागद कुणालाही पाठवू नका. आणि एआय चॅटला "माझ्या पणजोबांची माहिती दे" म्हणालात तर ते छान गोष्ट रचून देईल. नंबर आणि पलटण जुळत नाही तोवर कुठलीही माहिती आपली मानू नका.

वॉर ग्रेव्हजच्या साइटवरून नोंदीचं प्रमाणपत्र फुकट डाउनलोड होतं. मी ते तालुक्याला जाऊन रंगीत छापून आणलं आणि आजीला वाचून दाखवलं: नंबर, पलटण, तारीख, बापाचं नाव, गाव. तिने तारीख दोनदा विचारली. मग म्हणाली, "आत्याबाईंच्या फोटोशेजारी लाव."

आता दरवर्षी त्या तारखेला आमच्या घरी पणजोबांच्या नावाने पान वाढतात. याआधी तिथीच माहीत नव्हती.

तुमच्याही घरी अशी ट्रंक असेल. या सुट्टीत गावी गेलात की रील बघायच्या आधी ती उघडा. आणि आजी-आजोबांचं रेकॉर्डिंग आजच करा, कागद अजून काही वर्षं थांबेल.