जपानी ॲनिमे-वस्तूंची अस्सलता आणि नकली मालाचा प्रश्न : खानदेशातील ग्राहकाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

जळगावच्या सराफ बाजारात दागिना घेणारे गिऱ्हाईक हॉलमार्क पाहिल्यावाचून पैसे मोजत नाही. कापसाचे बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यास पावतीबरोबर रिकामी पिशवीही जपून ठेवावी, असे कृषी विभाग सांगत असतो. अस्सल व नक्कल यांतील भेद ओळखण्याची गरज खानदेशातील ग्राहकास अपरिचित आहे, असे म्हणता येणार नाही. मात्र त्याच घरातील महाविद्यालयीन विद्यार्थी जेव्हा ‘नारुतो’ किंवा ‘वन पीस’ या मालिकेतील पात्राची प्रतिकृती मागवितो, तेव्हा नेमके काय तपासावे हे त्यास ठाऊक नसते; आणि घरातील वडीलधाऱ्यांना तर ती वस्तू म्हणजे निव्वळ खेळणे वाटते. प्रस्तुत लेखात या खरेदीचे स्वरूप, अस्सलतेच्या खुणा आणि ग्राहकास उपलब्ध असलेले कायदेशीर संरक्षण यांचा विचार करावयाचा आहे.

ॲनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्रपट व मालिका, आपल्याकडे आजकालच्या नव्हेत. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर लोकप्रिय झालेली ‘जंगल बुक’ ही मालिका मूळ जपानी निर्मिती होती. युगो साको व राम मोहन यांच्या सहकार्यातून तयार झालेला रामायणावरील चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतात पुन्हा प्रदर्शित झाला, तर ‘डीमन स्लेयर’ मालिकेतील ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय चित्रपटगृहांत आला. पडद्यावरील पात्र लोकप्रिय झाले की त्याचे चित्र असलेले टी-शर्ट, पत्ते, बिल्ले व प्रतिकृती यांची मागणी वाढते. मागणी वाढते आणि अधिकृत पुरवठा अपुरा पडतो, तेथे नकली माल शिरतो.

अधिकृत वस्तू म्हणजे काय?

ॲनिमे-वस्तूचे मूल्य तिच्या प्लॅस्टिकात किंवा कापडात नसून परवान्यात असते. मूळ चित्रकथेचा लेखक, ती छापणारा प्रकाशक आणि मालिका तयार करणारी संस्था यांचे त्या पात्रावर हक्क असतात. बंदाई स्पिरिट्स, गुड स्माइल कंपनी, कोतोबुकिया यांसारखे उत्पादक या हक्कधारकांकडून परवाना घेतात, नमुना त्यांच्याकडून मंजूर करून घेतात व स्वामित्वशुल्क देतात. ‘वन पीस’ च्या वस्तूवर एइचिरो ओदा, शुएशा आणि तोएई ॲनिमेशन ही तीन नावे हक्कचिन्हासह छापलेली असतात, ती याच कारणाने.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अधिकृत वस्तूची हुबेहूब नक्कल करून तीच म्हणून विकलेला माल हा नकली माल होय. परंतु परवाना न घेता स्वतंत्रपणे घडविलेल्या वस्तूही बाजारात असतात. विशेषतः राळेपासून बनविलेले मोठे पुतळे अत्यंत सुबक व अतिशय महाग असतात, तरीही त्यांतील अनेकांना मूळ हक्कधारकाची संमती नसते. म्हणून ‘महाग ते अस्सल’ हा समज टाकून दिला पाहिजे. याउलट, स्वस्त असूनही अस्सल असणारी वस्तू आढळते. जपानमधील खेळघरांत यंत्रातून बक्षीस म्हणून जिंकावयाच्या प्रतिकृती तेथील दुकानांत किरकोळ विक्रीसाठी नसतात. त्या नंतर जुन्या वस्तूंच्या बाजारात बऱ्याच कमी किमतीस मिळतात.

अस्सलतेच्या खुणा

सर्वाधिक गैरसमज ‘मेड इन चायना’ या शब्दांविषयी आहे. जपानी कंपन्यांच्या बहुसंख्य अस्सल प्रतिकृती चीनमध्येच तयार होतात. त्यामुळे चीनचे नाव पाहून वस्तू नकली ठरविणे चूक आहे. बारकोडचेही तसेच. जपानमध्ये नोंदणी झालेले क्रमांक ४५ किंवा ४९ ने सुरू होतात व भारतातील ८९० ने. पण हा क्रमांक कंपनीची नोंदणी कोठे झाली एवढेच सांगतो, उत्पादन कोठे झाले हे सांगत नाही. शिवाय नकली खोक्यावर मूळ बारकोड जसाच्या तसा छापणे मुळीच अवघड नाही. तो नसणे संशयास्पद होय. तो असणे हा पुरावा नव्हे.

खोक्याकडे पाहताना हक्कचिन्हाची ओळ, उत्पादकाचे बोधचिन्ह आणि छपाईची स्पष्टता या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. नकली खोका बहुधा मूळ खोक्याचे छायाचित्र घेऊन छापलेला असतो. त्यामुळे बारीक जपानी अक्षरे फुटलेली, रंग फिका किंवा भडक झालेला दिसतो. तोएईच्या मालिकांवरील प्रतिकृतींवर मांजराच्या मुखाचे चंदेरी, चमकते चिकटपत्र असते. त्याचीही नक्कल होते. मात्र नकलेत प्रकाशाबरोबर पालटणारी झळाळी सहसा साधत नाही.

प्रत्यक्ष प्रतिकृतीत चेहरा हा कसोटीचा भाग होय. अस्सल वस्तूत डोळे ठशाने नेमके उमटविलेले असतात. नकलेत ते किंचित सरकलेले, बाहुलीला तिरळेपण आणणारे असतात. केसांच्या टोकांशी साच्याची शिवण दिसणे, रंग शेजारच्या भागावर उतरणे, त्वचेचा भाग तेलकट चकाकणे आणि खोका उघडताच उग्र वास येणे ही इतर लक्षणे होत. पायाच्या खुंट्या बैठकीच्या छिद्रांत न बसणे हे तर घरी आल्यावरच कळते. तुलनेसाठी उत्पादकाच्या संकेतस्थळावरील छायाचित्रे वापरावीत, विक्रेत्याने लावलेली नव्हेत. नकली मालाचा विक्रेता अस्सल मालाचेच छायाचित्र लावत असतो.

तालुक्याच्या गावातील स्टेशनरीच्या दुकानात व यात्रेतील पालांत सर्वाधिक दिसतात ते पोकेमॉनचे पत्ते. १९९६ साली जपानमध्ये सुरू झालेल्या या खेळाचा अस्सल पत्ता उजेडात आडवा धरून कडेने पाहिला, तर दोन पांढऱ्या थरांमध्ये एक बारीक काळी रेघ दिसते. स्वस्त नकली पत्त्यात ती नसते. सोनेरी पत्त्यांचे संपूर्ण पाकीट अल्प किमतीत मिळत असेल, तर अधिक तपासाची गरजच नाही. दहा वर्षांच्या मुलाचे यात आर्थिक नुकसान फारसे होत नाही हे खरे. पण तेच पत्ते पुढे मोठ्या मुलांकडून समाजमाध्यमांवर ‘दुर्मिळ’ म्हणून विकले जातात, तेव्हा प्रश्न वेगळा होतो.

सुरक्षितता आणि आयात

नकली वस्तूचा विचार केवळ प्रतिष्ठेच्या अंगाने करणे अपुरे आहे. मऊ प्लॅस्टिकातील थॅलेट संयुगे व रंगांतील शिशासारखे जड धातू लहान मुलांना अपायकारक असतात. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला असून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी असलेल्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. चिन्हाजवळील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. परंतु जपानी संग्राहक-प्रतिकृतींवर बहुधा ‘वय १५ वर्षे व पुढे’ असे लिहिलेले असते. त्यामुळे तेथे आयएसआय चिन्हाच्या अभावावरून वस्तू नकली ठरत नाही. ती लहान भावंडाच्या हाती देऊ नये, एवढे मात्र ठरते.

खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. अस्सल आयात वस्तू जपानमधील किमतीपेक्षा येथे एवढी महाग का, याचे मोठे कारण येथे आहे. त्याचबरोबर, जपानमधील मूळ किमतीच्या निम्म्याने, कर व टपालखर्चासह घरपोच मिळणारी ‘नवी, अस्सल’ प्रतिकृती अशक्यप्राय का, हेही यातून उमगते. दुकानातून विकल्या जाणाऱ्या आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश व कमाल किरकोळ किंमत असणे बंधनकारक आहे. हे छोटे चिकटपत्र विद्यार्थी अनेकदा कुरूप म्हणून काढून टाकतात; वस्तुतः तोच सर्वांत उपयोगी पुरावा होय.

कायदा आणि महाविद्यालय

भारत व जपान हे दोन्ही देश बर्न कराराचे सदस्य असल्याने जपानी कलाकृतीस भारतात नोंदणीविना संरक्षण मिळते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ अन्वये, तसेच ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ च्या कलम १०३ व १०४ अन्वये, सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘निट प्रो’ प्रकरणात स्पष्ट केले.

याचा संबंध प्राध्यापकवर्गाशी थेट येतो. स्नेहसंमेलनातील विक्री-केंद्रावर किंवा ‘कमवा व शिका’ च्या उत्साहात विद्यार्थी संगणकावरून उतरविलेले पात्र टी-शर्टवर छापून विकतात, तेव्हा ते नकळत विक्रेत्याच्या भूमिकेत जातात आणि महाविद्यालयाचे नाव त्यांच्या मागे उभे राहते. स्वतःच्या हाताने काढलेले त्याच पात्राचे चित्रही विक्रीस ठेवले की संमतीचा प्रश्न उरतोच. उद्योजकता शिकविणाऱ्या शिक्षकाने हे आधी सांगावयास हवे. विद्यार्थ्याने स्वतः निर्मिलेले पात्र छापण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

फसवणूक झालेल्या ग्राहकाचा मार्ग मात्र पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. ई-वाणिज्याविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार नकली माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन एक महिन्यात निवारण करावयाचे असते. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो वा सुरतेचा, चाळीसगावच्या विद्यार्थ्यास जळगावच्या आयोगासमोर उभे राहता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही नाही. त्यासाठी देयक, जाहिरातीचे पडदाचित्र, खोका उघडतानाचे अखंड चित्रण आणि वेष्टन एवढे जपून ठेवावे लागते. समाजमाध्यमावरील अनोळखी खात्यास देयकाविना परस्पर पैसे पाठविले असतील, तर यांतील पहिला कागदच हाती नसतो.