घरची नानकटाई

ज्या शेतकऱ्याच्या कणगीत खपली गहू आहे, गोठ्यात म्हैस आहे आणि माळ्यावर गुळाची ढेप आहे, त्याच्या घरची मुले सकाळी चहाबरोबर पुड्यातील बिस्किटे खातात, ही गोष्ट आता इतकी सर्वसाधारण झाली आहे की तिचे कोणास नवल वाटेनासे झाले आहे. पुड्यातील बिस्किटास आमचा सरसकट विरोध नाही. प्रवासात अथवा आजाऱ्याच्या उशाशी ते उपयोगी पडते. परंतु ज्या तीन जिनसांपासून उत्तम बिस्किट होते त्या तिन्ही आपणच पिकवावयाच्या, पडेल त्या भावाने विकावयाच्या, आणि त्यांच्याहून हलक्या जिनसांचा पदार्थ चढ्या भावाने विकत आणावयाचा, हा व्यवहार हिशेबी माणसास रुचण्याजोगा नाही. दिवाळीची तयारी सुरू होण्यापूर्वी नानकटाई घरी कशी साधते व कशाने बिघडते, याचा थोडा विचार करू.

नानकटाई हे आपल्या देशातील जुने बिस्किट होय. 'नान' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ भाकरी. पुढील 'खताई' या शब्दाविषयी मतभेद आहेत; चीन देशाच्या 'खता' या जुन्या नावावरून तो आला, असे एक मत आहे. तिचे माहेर मात्र सुरत, याविषयी फारसा वाद नाही. सतराव्या शतकात सुरतेस डच व्यापाऱ्यांची वखार होती व त्यांच्यासाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्याही होत्या. असे सांगतात की डच निघून गेल्यावर त्यांची भट्टी एका पारशी कारागिराच्या हाती आली. परदेशी गिऱ्हाईक उरले नाही, आणि ताडीने फुगविलेला पाव व अंडी घातलेला पदार्थ गावातील लोक घेईनात. तेव्हा त्याने ताडी व अंडी दोन्ही सोडून पीठ, तूप व साखर एवढ्यावरच काम भागविले. कथा असो वा इतिहास, पदार्थ पाहिला म्हणजे ती पटते. कारण नानकटाईत आपल्या घरी नसलेली जिन्नस एकही नाही.

भट्टीत भाजणे हे परक्यांचे तंत्र, असाही एक समज आहे. गोव्यातील पोदेरांची विद्या पोर्तुगीजांच्या मागोमाग आली, हे खरे. तथापि कोकणात भानोळे खाली व वर निखारे ठेवून भाजतात, विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. कोंडलेल्या उष्णतेवर पदार्थ शिजविण्याची ही रीत आपल्या आज्यापणज्यांस चांगली अवगत होती.

आमच्याकडे नानकटाईची वहिवाट अशी की दिवाळीपूर्वी आठ दिवस पीठ, तूप व साखर डब्यात घालून बेकरीत न्यावयाची, नंबर लावावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी मजुरी देऊन भरलेले डबे घरी आणावयाचे. अद्यापि पुष्कळ गावी हे चालते. आम्हीही अनेक वर्षे हेच केले. एका वर्षी घरच्या म्हशीचे तूप दीड किलो, कणीक दोन किलो, बेसन अर्धा किलो व साखर दीड किलो, एकूण साडेपाच किलो माल एका भट्टीवर दिला. परत आलेली नानकटाई सहज म्हणून तागडीत घातली तो साडेचार किलो भरली. शिवाय खाल्ल्यावर टाळूस मेणाचा लेप बसल्यासारखे वाटे. घरचे तूप असा लेप ठेवीत नाही. वनस्पती तूप ठेवते. विचारणा करता भट्टीवाले म्हणाले की भाजताना वजन जळतेच.

हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेल्यामुळे तूट दिसली की तिचा मेळ घातल्यावाचून आम्हांस झोप येत नाही. मेळ असा. भाजताना उडून जाते ते केवळ पाणी. तुपात व साखरेत पाणी जवळजवळ नाही. पिठात शेकडा सुमारे १२ भाग पाणी असते. म्हणजे अडीच किलो पिठातील सर्व पाणी गेले तरी तीनशे ग्रॅमच जाईल. साडेपाच किलोचे सव्वापाच किलोच्या आसपास परत यावयास हवे होते. वरचे सातशे ग्रॅम कोठे गेले, हे त्या भट्टीस ठाऊक. सणाच्या गर्दीत डब्यांची अदलाबदल होते, ताटांना पीठ चिकटून राहते, हेही खरे. म्हणून कोणावर आळ घेत नाही. परंतु जे बंधू बाहेरून भाजून आणतात त्यांनी जाताना व येताना वजन करावे, आणि शेकड्यामागे सहा-सात भागांहून अधिक घट आली तर अवश्य विचारावे.

त्या वर्षापासून आमच्या घरी नानकटाई घरीच होते. पहिला घाणा फसला. चुलीवरचे पातळ तूप तसेच पिठात ओतले. नानकटाई ताटलीत पसरून तिची एकच पोळी झाली. दुसरा खालून करपला व आत कच्चा राहिला. या दोन चुकांतच नानकटाईचे सारे शास्त्र आहे.

गव्हाच्या पिठात एक चिकट सत्त्व असते. पाणी घालून मळले की त्याची जाळी बनते. त्या जाळीमुळे पोळी लाटता येते व पाव फुगतो. नानकटाईस ही जाळी वैरीण आहे. पिठाच्या प्रत्येक कणास तुपाचे अस्तर बसले म्हणजे पाणी आत शिरत नाही, जाळी बनत नाही, व पदार्थ तोंडात विरघळतो. यास्तव नानकटाईचे पीठ मळावयाचे नाही, केवळ गोळा करावयाचे. तूपही थिजलेले, रवाळ हवे. परातीत घेऊन ते तळहाताने फेसले की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. तूप पांढरे व हलके होते. भट्टीत तेच बुडबुडे फुगून नानकटाईस भुसभुशीतपणा आणतात. वितळलेल्या तुपात हवा राहत नाही. आमचा पहिला घाणा त्यामुळेच गेला. दिवाळीपूर्वीची ऑक्टोबरची हवा उष्ण असते, म्हणून परात थंड पाण्याच्या घमेल्यावर ठेवून फेसावे. तूप कढविताना बेरीतील पाणी पुरते आटले पाहिजे, हे सुगरणींस सांगावयास नको.

गव्हाविषयी आमचे मत खपलीच्या बाजूने आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी हा गहू पिढ्यान्‌पिढ्या खिरीसाठी व पुरणपोळीसाठी राखून ठेवीत आले. कांडावा लागतो व उत्पन्न कमी, म्हणून तो मागे पडला. याचे चिकट सत्त्व दुबळे असते. पावास तो चालत नाही, परंतु नानकटाईस नेमका तोच गुण हवा. पीठ मात्र वस्त्रगाळ करावे; कोंडा राहिला तर नानकटाई खरखरीत होते. चाळण म्हशीच्या आंबोणात जाते, वाया काही जात नाही. बाजारातील मैद्याने रंग अधिक पांढरा येतो, एवढाच त्याचा विशेष.

एका घाण्याचे प्रमाण असे: खपलीचे वस्त्रगाळ पीठ २५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, थिजलेले तूप २०० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, घट्ट दही एक चहाचा चमचा, मीठ चिमूटभर, सहा-सात वेलदोड्यांची पूड व थोडे जायफळ. बेसनाने खमंगपणा येतो, रव्याने किंचित कुरकुरीतपणा. प्रथम तूप व पिठीसाखर दहा-बारा मिनिटे फेसावी. मग दह्यात सोडा कालवून तो घालावा. दह्याच्या आंबटपणाने सोडा लगेच काम करू लागतो. शेवटी पिठे, मीठ व वेलदोडे मिसळून हलक्या हाताने गोळा करावा. पाणी किंवा दूध मुळीच घालू नये. गोळा फुटू लागला तर चमचाभर तूप घालावे. सैल झाला तर अर्धा तास थंड जागी झाकून ठेवावा. पंचवीस ग्रॅमांचे सुमारे तीस गोळे होतात. वर किंचित दाबून चारोळी बसवावी. सोडा अधिक घातल्यास जास्त फुगेल, असे पुष्कळांस वाटते. फुगते खरी, पण साबणासारखी चव व तपकिरी ठिपके येतात.

आता गुळाचे पाहू. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसविली, तेव्हापासून कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. २०१४ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु गूळ साखरेच्या जागी तोलास तोल घालून चालत नाही. गुळात उसाच्या साखरेखेरीज द्राक्षशर्करा व फलशर्करा असतात, पाण्याचाही अंश असतो. या शर्करा हवेतील दमट ओढून घेतात, म्हणून गुळाची नानकटाई लवकर मऊ पडते. आणि त्या लवकर तांबूस होतात, म्हणून ती लवकर करपते. उपाय असा की गूळ किसून एक दिवस कोरड्या जागी पसरावा, मग पाकृतीतील थोड्या पिठासह कुटून चाळावा. दोनशे ग्रॅम साखरेऐवजी असा १८० ग्रॅम गूळ घ्यावा. गुळात किंचित आम्लता असतेच, तेव्हा दही गाळावे. आच थोडी मंद व वेळ पाच मिनिटे अधिक.

गूळ कोणता घ्यावा? पेठेत पिवळ्याधमक ढेपेस भाव अधिक, आणि त्या रंगापायी काही गुऱ्हाळांवर हायड्रोस पावडर वापरतात, हे आपणांपैकी कोणापासून लपलेले नाही. नानकटाईस रंगाची गरज नाही. रानभेंडीच्या चिकाने मळी काढलेला, तपकिरी, कणीदार गूळ यास उत्तम. ज्या ढेपेस बाजारात भाव कमी ती येथे सोने ठरते. खारवट जमिनीतील उसाचा गूळ मात्र घेऊ नये. चहात तो खपून जातो, नानकटाईत त्याचा खारटपणा लपत नाही.

भाजण्यास विजेची भट्टी असल्यास दहा मिनिटे आधी तापवून १६० ते १७० अंश सेंटिग्रेडवर अठरा ते वीस मिनिटे पुरतात. नसल्यास जाड बुडाचे मोठे पातेले घ्यावे. तळाशी दोन बोटे चाळलेली कोरडी वाळू पसरून तीवर तिवई ठेवावी व घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटे तापवावे. वाळू उष्णता साठवून सर्वत्र सारखी देते. ती नसेल तर बूड करपते, हा आमच्या दुसऱ्या घाण्याचा धडा. आच जमली की नाही हे पाहण्यास चिमूटभर पीठ ताटलीत टाकून आत ठेवावे. पाच मिनिटांत ते बदामी झाले तर आच बरोबर, काळवंडले तर फार. मग तूप लावलेल्या ताटलीत दोन-दोन बोटे अंतर ठेवून गोळे मांडावे व ताटली तिवईवर ठेवावी. पातेल्याच्या कडेस ती टेकता कामा नये. पंचवीस मिनिटे लागतात. पहिली पंधरा मिनिटे झाकण उघडू नये. चुलीवर करीत असल्यास शेवटी झाकणावर निखारे घालावे, वरून सुरेख रंग येतो. कित्येक जण या कामी प्रेशर कुकर कोरडाच तापवितात. आम्ही तसे करू देत नाही, भांडे खराब होते व धोकाही असतो.

भट्टीतून काढताना नानकटाई मऊ लागते, म्हणून कच्ची समजून पुन्हा आत ढकलू नये. तूप थिजू लागले की ती आपोआप घट्ट होते. कडा बदामी व तळ फिकट तांबूस दिसला की काढावी, ताटलीतच पंधरा मिनिटे राहू द्यावी, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी. कोमट भरली तर डब्यातच वाफ धरते. साखरेची तीन आठवडे टिकते. गुळाची आठ-दहा दिवसांत संपवावी, आणि घरात मुले असल्यास तितके दिवस ती उरतही नाही.

वनस्पती तुपाविषयी एक शब्द. हे तूप १९३७ पासून 'डालडा' या नावाने घरोघरी शिरले. तेल घट्ट करण्याच्या त्या क्रियेत हृदयास अपायकारक असे स्निग्धांश उत्पन्न होतात, म्हणून सरकारने त्यांची मर्यादा उतरवीत १ जानेवारी २०२२ पासून शेकडा २ वर आणली. मर्यादा आली हे चांगले झाले. तरी ज्याच्या घरी लोणी निघते त्याने नानकटाईसाठी हे तूप आणण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही.

आजरा, चंदगड, गगनबावडा या बाजूस नाचणी होते. तिच्यात चिकट सत्त्व मुळीच नसल्यामुळे नुसत्या नाचणीची नानकटाई उचलताच चुरा होते. पिठाचा तिसरा हिस्सा नाचणी व बाकी गहू घ्यावा, नाचणीचे पीठ आधी कोरडे भाजून गार करावे, व गोडीस गूळच घालावा. दोघांची जोडी चांगली जमते. हा माल बचत गटाने विक्रीस काढावयाचा असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखाली आधी नोंदणी करून घ्यावी, आणि डब्यावर तूप कोणते घातले ते स्पष्ट लिहावे.