फाल्गुनांतील खाडी व तिचे पाहुणे

वसंत म्हटला कीं आंब्याचा मोहोर, फुललेला पळस आणि कोकिळेचा कंठ यांचें स्मरण आपणांस सहज होतें. परंतु त्याच सुमारास मुंबईच्या पूर्वेस, ठाण्याच्या खाडींतील चिखलावर, ऋतुपालटाचा जो सोहळा चालतो तिकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यानचा सुमारें १७ चौरस किलोमीटरांचा हा टापू २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ सालीं रामसर करारान्वयें जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत या खाडीची गणना झाली.

येथें जाण्याचा मुहूर्त घरच्या पंचांगांतच मिळतो. कोंकणकिनाऱ्यावरील जुना हिशेब असा कीं, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें निघते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस बाराच्या अलीकडे. खाडीच्या आंत ती किंचित् उशिरां येते. त्यापूर्वी दोन-तीन तास कांठावर असावें. पाणी चढूं लागलें कीं चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि दूरवर विखुरलेले पक्षी आपोआप जवळ येतात. ऐरोलीच्या केंद्रांतून होडीनेंहि जातां येतें.

रोहितांचा गुलाबी थवा प्रथम डोळे वेधून घेतो. तो रंग त्यांच्या खाण्यांतील सूक्ष्म शेवाळांतून आलेला असतो. तथापि फाल्गुन-चैत्रांतील खरें नवल लहान पक्ष्यांपाशीं आहे. हिवाळाभर करड्या दिसणाऱ्या बाकदार चोचीच्या तुतारीच्या छातीवर आतां विटकरी छटा चढूं लागते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचें एरव्हीं पांढुरकें असणारें डोकें आपलें नांव सार्थ करतें. ही प्रस्थानाची तयारी होय. तुतारीस सैबेरियाचा उत्तर किनारा गांठावयाचा असतो, कुरवास तिबेटकडील उंच सरोवरें. परगांवीं जाणाऱ्यानें शिदोरी बांधावी, तसे हे जीव चिखलांतील किडे खाऊन अंगांत चरबी सांठवितात.

आतां प्रश्न असा कीं, पूर्ण भरतींत चिखल बुडाला म्हणजे हे पक्षी कोठें बसतात? ते भांडुपकडील मिठागरांत, नेरूळच्या तळ्यांत आणि अशाच उथळ जागीं विसावतात. आणि यांतील कित्येक जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. त्या भरून काढल्या, किंवा त्यांत येणारें खाडीचें पाणी अडलें, तर पक्ष्यांना विसावा उरत नाहीं व कष्टानें जमविलेली शिदोरी आकाशांत घिरट्या घालण्यांतच खर्ची पडते. २०२४ च्या एप्रिलांत नेरूळ येथील एका तळ्याचा खाडीशीं असलेला जलमार्ग बुजून तें कोरडें पडलें, व त्या परिसरांत कित्येक रोहित मृत वा जखमी आढळले. ताटांतील अन्न राखलें, पण पाहुण्यास पाठ टेकावयास जागा ठेविली नाहीं, तर तें आतिथ्य अपुरेंच म्हणावें लागेल.

यंदां वडील मंडळींनीं पंचांग पाहून वेळ काढावी, मुलांनीं दुर्बीण व वही घ्यावी, आणि ऐन भरतींत कोणता पक्षी कोणत्या जागीं बसला याची मितीवार नोंद ठेवावी. एखादी पाणथळ जागा राखावी कीं भरावी, हा विचार जेव्हां चालतो, तेव्हां अशा नोंदी उपयोगीं पडतात.