ऑपरेशननंतरची शिस्त

बरेच जण विचारतात, "साहेब, वजनाचं ऑपरेशन झालं, आता पुढे काय?" फौजेत म्हणतो तसं, चौकी जिंकणं वेगळं आणि राखणं वेगळं.

माझं स्लीव्ह ऑपरेशन झालं. यात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ अन्न. नेहमीच्या जेवणाला दीड-दोन महिने लागतात. आता ताटात प्रथिनं पहिली: अंडं, पनीर, मूग, दही. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम. पोळी शेवटी. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानं.

बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नका. बी-12 फार दिवस कमी राहिलं तर नसांना इजा होते, आणि ती नेहमी भरून येत नाही. वर्षातून एकदा तरी रक्त तपासा.

सैल कातडी? व्यायामानं स्नायू भरतात, पण खूप ताणलेली कातडी आवळत नाही. घड्या कोरड्या ठेवा, नाहीतर पुरळ येतं. काढायचीच असेल तर वजन स्थिर झाल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षानं. माझी शर्टाखाली आहे तशी आहे. लाज कसली?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.