उसने सूर, आपली बोटे

येलहंका न्यू टाउनमध्ये माझी मोठी बहीण राहते. बंगळुरूच्या उत्तरेचे हे उपनगर रेल्वेची चाके बनवणाऱ्या कारखान्यासाठी आणि हवाई दलाच्या तळासाठी ओळखले जाते. घरात मराठी, दारात कन्नड आणि डोक्यावर विमानांची घरघर असा ताईचा संसार. गेल्या खेपेला गेले तेव्हा मात्र घरातला एक आवाज कमी झाला होता. भाच्याची गिटार कव्हरसकट कपाटावर चढली होती.

"कॉलेजच्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले, सगळं हुबेहूब वाजवलंस, पण यात तू कुठे आहेस?" ताई हळू आवाजात सांगत होती, "त्या दिवसापासून हात लावला नाही बघ त्याने."

भावोजींना त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नव्हते. पीयूसीचे दुसरे वर्ष चालू होते. "बरंच झालं. गिटारने कुणाचं पोट भरलंय?" एवढे बोलून ते वर्तमानपत्रात शिरले.

वडिलांची ही काळजी नवी नाही. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी (जन्म १९३७) हवाईयन गिटार हाती घेतली, तेव्हा संगीताचे जाणकार असलेल्या त्यांच्या वडिलांनाही ते रुचले नव्हते. या वाद्यावर फक्त शास्त्रीय संगीतच वाजवीन, असा शब्द मुलाने दिला आणि तो पाळला. उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे ते शिकले. गिटार आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत त्यांनी तिच्यातून मींड काढली. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते.

सुरुवात कशी करावी?

तुमच्या घरातही कुणाला गिटार शिकायची असेल, तर पहिली खरेदी जपून करा. महाग गिटार हवीच असे नाही, पण तारा पट्टीपासून फार उंच नसाव्यात. नाहीतर बोटे दुखतात आणि शिकणारा आठवड्यातच कंटाळतो. नायलॉनच्या तारा नवशिक्याच्या बोटांना सुसह्य असतात. बोटांची टोके सुरुवातीचे काही आठवडे दुखणारच. कातडी निबर झाली की ते दुखणे जाते.

रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फळ देतो. आधी तारा सुरात लावायला शिका. मग तीनचार सोपे कॉर्ड घ्या आणि एकातून दुसऱ्यात जाताना ताल न तुटू देण्याचा सराव करा. एका बोटाने अनेक तारा दाबायला लावणारा एफ कॉर्ड बहुतेकांना रडवतो. तो लगेच जमला नाही म्हणून आपल्याला संगीताचे अंग नाही, असे समजू नका.

नक्कल करण्यात गैर काय?

काहीच नाही. मूल बोलायला शिकते तेही नकलेनेच. अडचण होते ती एकाचीच नक्कल करत राहिल्याने. एकच गाणे तीन वेगवेगळ्या वादकांकडून ऐकावे. कुणी कुठे थांबतो, कुठे जोर देतो, हे टिपावे. नंतर ते आधी गुणगुणावे आणि मग वाजवावे. आपण कुठे श्वास घेतो ते गाताना आपोआप कळते. आपले वाजवणे मोबाइलवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवताना न दिसलेल्या चुका तेव्हा कानावर येतात.

पुष्कळदा आपली अडचणच आपली शैली घडवते. १९२८ साली जँगो राइनहार्ट या वादकाच्या राहत्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची अधू झाली. उरलेल्या दोन बोटांवर भर देऊन त्याने वादनाची नवी रीत बसवली आणि युरोपातल्या जॅझ संगीतात नाव मिळवले. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारला जास्तीच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. १९९४ साली त्यांना राय कूडर यांच्यासह ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या दोघांनीही जे हाताशी होते, त्यातूनच आपली वाट काढली.

आजीची भूपाळी

दुसऱ्या दिवशी पहाटे ताईच्या सासूबाई नेहमीप्रमाणे भूपाळी गुणगुणत होत्या. भाचा चहा घेत बसला होता. मी सहज म्हटले, "आजीचे सूर शोध ना जरा."

"मावशी, मला आता नाही वाजवायचं."

"वाजवू नकोस. नुसते शोध."

थोड्या वेळाने गिटार खाली आली. पाच स्वर सापडले आणि तो चमकला. त्याच्या सरावाच्या वहीत जो 'मेजर पेंटाटॉनिक' होता, तोच हा होता! आपण ज्याला भूप म्हणतो, त्याच स्वरांचा कर्नाटक संगीतातला राग म्हणजे मोहनम्. शेजारच्या घरातून तो त्याच्या कानावर रोज पडत होता.

स्वर सापडले, पण आजीसारखे येईनात. तिचा आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाई, याची गिटार मात्र पायऱ्या उतरल्यासारखी वाजे. मग त्याने बोट न उचलता तारेवरून सरकवून पाहिले, तार किंचित ओढून पाहिली. चार वेळा चुकले. पाचव्या वेळी आजी गाता गाता थांबली आणि म्हणाली, "हं, आता माझ्यासारखं आलं. पण शेवट तू वेगळा केलास की रे!"

"चुकलं का?"

"नाही. राहू दे तसाच."

वर्तमानपत्राआडून भावोजी ऐकत होते. पान मात्र बराच वेळ उलटले नव्हते. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. पण निघण्यापूर्वी घरात एक तह झाला. अभ्यास आधी, गिटार रोज अर्धा तास आणि क्लास परीक्षेनंतर. पोट कशाने भरायचे हा प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो सुटायला अवकाशही आहे.

परवा ताईचा फोन आला, तेव्हा मागून तीच भूपाळी ऐकू येत होती. आजी गात नव्हती. शेवटावरून मी ओळखले, वाजवणारा कोण ते.