संगणकाला दिलेली शिकवणी जपायची कशी?

आमच्या प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना संधिवातामुळे टंकलेखन करणे अवघड झाले होते. म्हणून ते मायक्रोफोन लावून संगणकाला इंग्रजी मजकूर तोंडी सांगू लागले. पहिल्या आठवड्यात संगणक काय ऐकेल आणि काय लिहील याचा नेम नसे. पण ते चिकाटीने चुका दुरुस्त करत राहिले. रसायनांची नावे, गावांची नावे, आपल्याकडची आडनावे त्यांनी एकेक करून शिकवली. तीन वर्षांनी ते पानेच्या पाने सहज लिहवून घेत.

मग संगणक फारच मंद चालू लागला. तंत्रज्ञ आला. त्याने विचारले, "सर, महत्त्वाच्या फायली काढून घेतल्या ना?" लेख, पत्रे, छायाचित्रे, सारे काढून घेतले होते. डिस्क पुसली गेली, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसली, बोलणे ओळखणारा प्रोग्रॅमही पुन्हा बसवला. संध्याकाळी सरांनी पहिले वाक्य सांगितले आणि संगणक त्यांना ओळखत नाही हे लगेच कळले.

काय हरवले होते? ते वाचवता आले असते का? हे समजण्यासाठी आधी 'शिकवणी' म्हणजे काय ते पाहू.

प्रत्येकाचा आवाज वेगळा का?

अनुनाद नळीचा प्रयोग आपल्या परिचयाचा आहे. एका टोकाला बंद असलेल्या नळीची मूळ वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले नळीच्या लांबीची चौपट. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतचा मार्ग ही साधारण अशीच नळी आहे. प्रौढ पुरुषात ती सुमारे १७ सेंटिमीटर असते. उबदार, दमट हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला तर वारंवारता येते सुमारे ५१५ हर्ट्झ. लहान मुलाची नळी १२ सेंटिमीटर धरली तर तीच ७२९ हर्ट्झ होते. जीभ आणि ओठ हलले की नळीचा आकार बदलतो आणि वेगवेगळे स्वर उमटतात. म्हणजे दोघांनी तोच 'आ' म्हटला तरी संगणकाच्या हाती येणारे आकडे वेगळे असतात. त्यात उच्चारांच्या लकबींची भर पडते.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५२ मध्ये 'ऑड्री' नावाचे यंत्र केले. ते शून्य ते नऊ हे अंक ओळखी, पण ज्याच्या आवाजाशी ते जुळवून घेतले असेल त्याचेच नीट ओळखी. १९९७ मध्ये घरच्या संगणकावर सलग बोलणे लिहून घेणारे 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' आणि आयबीएमचे 'व्हायाव्हॉइस' हे प्रोग्रॅम आले. त्यांनाही वापरणाऱ्याने आधी ठरावीक उतारे वाचून दाखवावे लागत. हीच ती शिकवणी.

शिकवणीचे तीन भाग

पहिला भाग ध्वनीचा. प्रोग्रॅम आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या अंतराने तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याचे काही आकडे काढतो आणि ते आपल्याजवळच्या सरासरी नमुन्यांशी ताडून पाहतो. तुम्ही वाचून दाखवता तेव्हा हे सरासरी नमुने तुमच्या आवाजाकडे थोडे सरकवले जातात.

दुसरा भाग शब्दांचा. मूळ शब्दकोशात नसलेला शब्द आणि त्याचा तुमचा उच्चार येथे नोंदला जातो.

तिसरा भाग भाषेचा. तुमच्या लिखाणात कोणत्या शब्दामागून कोणता शब्द वारंवार येतो, याचा हिशेब येथे असतो. सारख्या ऐकू येणाऱ्या दोन शब्दांपैकी एक निवडताना तो कामी येतो.

या तिन्ही भागांच्या संचाला वापरणाऱ्याची 'प्रोफाइल' म्हणतात. प्रोग्रॅम पुन्हा मिळतो. प्रोफाइल मात्र जगात एकाच ठिकाणी, आपल्या डिस्कवर असते.

ती सापडत का नाही?

आपण स्वतः साठवलेल्या फायली कुठे आहेत हे आपल्याला ठाऊक असते. प्रोफाइल प्रोग्रॅमने परस्पर साठवलेली असते. उदाहरणार्थ, विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येच आलेल्या स्पीच रेकग्निशनच्या फायली 'अ‍ॅपडेटा' या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरात असतात आणि कोणती प्रोफाइल कोणाची ही नोंद 'रजिस्ट्री'त असते. नुसत्या फायली उचलल्या आणि नोंद राहिली, तर पुस्तके हलवली पण सूची मागेच राहिली अशी गत होते. 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' यांची प्रत घेणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागत नाही.

प्रत घेण्याची रीत

१. प्रोग्रॅममध्येच प्रत काढण्याची सोय आहे का ते पाहावे. ड्रॅगनमध्ये प्रोफाइल सांभाळण्याच्या खिडकीत 'एक्सपोर्ट' आणि 'इम्पोर्ट' अशा आज्ञा आहेत. त्या सर्व भाग एकत्र उचलतात.

२. अशी सोय नसेल आणि फोल्डरच उचलायचे असेल, तर प्रोग्रॅम आधी बंद करावा. चालू प्रोग्रॅम फायली बदलत असतो. अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या फायलींची प्रत निरुपयोगी ठरू शकते.

३. शिकवलेल्या शब्दांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळी काढावी.

४. प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती, भाषा आणि मायक्रोफोन कोणता, हे कागदावर लिहून ठेवावे. नव्या आवृत्तीत जुनी प्रोफाइल बहुधा आणता येते, उलट मात्र नाही. मायक्रोफोन बदलला तरी ध्वनीचे आकडे बदलतात.

५. प्रत त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवू नये. एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत अशा दोन तरी असाव्यात.

जागेची काळजी करू नये. सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे सेकंदाला ३२,००० बाइट. दहा मिनिटांचे वाचन होते १,९२,००,००० बाइट, म्हणजे सुमारे १९ मेगाबाइट. साध्या पेन ड्राइव्हवरही ते सहज मावते.

प्रत खरी की खोटी?

डिस्क पुसण्यापूर्वी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. त्यासाठी वर्गातही करता येईल अशी एक चाचणी आहे. शंभर शब्दांचा उतारा वाचून लिहवून घ्यावा. चुकलेले, गाळलेले आणि जास्तीचे शब्द मोजून त्यांची बेरीज करावी. हे झाले शेकडा चुकांचे प्रमाण. समजा, ते सहा आले. प्रत बसवल्यावर तोच उतारा, त्याच मायक्रोफोनवर वाचावा. पुन्हा सहा-सात चुका आल्या तर प्रत पूर्ण आहे. वीस आल्या तर काहीतरी मागे राहिले आहे. विद्यार्थ्यांनी हीच चाचणी मोबाइलवर मराठीत करून, आवाजागणिक चुका किती बदलतात ते पाहावे.

आज याची गरज आहे का?

मोबाइलवर बोलून लिहिताना आपण कोणतीच शिकवणी देत नाही. गूगलच्या अशा सोयीत २०१७ मध्ये मराठीही आली. असंख्य लोकांच्या आवाजांवर तयार झालेले हे नमुने बहुतेकांना पुरतात. पण ज्यांचे उच्चार आजारामुळे वेगळे झाले आहेत, किंवा ज्यांच्या कामात खास शब्द फार आहेत, त्यांना स्वतःची शिकवणी आजही मोलाची आहे.

साधनेही बदलतात. विंडोज ११ मध्ये सप्टेंबर २०२४ पासून जुन्या स्पीच रेकग्निशनची जागा 'व्हॉइस अ‍ॅक्सेस'ने घेतली. प्रोफाइल तिच्या प्रोग्रॅमशी बांधलेली असते; प्रोग्रॅम गेला की ती मुकी होते. शब्दांची साधी यादी आणि आवाजाचे मूळ ध्वनिमुद्रण मात्र पुढच्या कोणत्याही साधनाला वाचता येते. म्हणून प्रोफाइलबरोबर ही दोन्ही जपावीत.

आमच्या सहकाऱ्यांचे सारेच बुडाले नाही. जपून ठेवलेले लेख प्रोग्रॅमला वाचायला दिल्यावर शब्द आणि भाषा हे दोन भाग बऱ्याच अंशी एका दुपारी परत आले. ध्वनीचा भाग मात्र बोलूनच परत मिळवावा लागला आणि तोवरच्या चुका दुखऱ्या बोटांनी दुरुस्त कराव्या लागल्या. त्यांच्या टेबलावर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तंत्रज्ञाच्या प्रश्नात त्यांनी एका प्रश्नाची भर घातली आहे: "मी न साठवलेल्या, पण माझ्यामुळे तयार झालेल्या फायली कोणत्या?"