दिवस भरल्यावरचा निर्णय : कळा आणाव्यात की सिझेरियन ठरवावे?

प्रसूतितज्ज्ञांकडून तपासणी करून निघालेले कुटुंब घरी जाण्यापूर्वी वैद्याच्या दवाखान्याची पायरी चढते, हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. हातात सोनोग्राफीचा कागद असतो, चेहऱ्यावर चिंता असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, तिथे म्हणाले कळा आणू, नाहीतर सिझर ठरवू. आम्ही काय करावे?" हा निर्णय आपल्या अधिकारातील नाही. तथापि आपल्या एका वाक्याने तो या किंवा त्या बाजूस झुकतो, हे नाकारता येत नाही. म्हणूनच या विषयाची दोन्ही शास्त्रांच्या आधारे मांडणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमची एक चूक

आरंभी एक कबुली देणे उचित ठरेल. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एक प्रथम गर्भिणी आमच्याकडे आली. एक्केचाळीस आठवडे पूर्ण होऊन दोन दिवस उलटले होते. प्रसूतितज्ज्ञांनी कळा आणण्यासाठी भरती होण्यास सांगितले होते. "इंजेक्शनच्या कळा सोसवत नाहीत म्हणे," असे तिच्या सासूबाईंचे म्हणणे. फळ पिकले की आपोआप गळते, असा दृष्टान्त देऊन आम्ही चार दिवस थांबण्यास सुचविले आणि अनुवासन बस्तीची योजना केली. तिसऱ्या दिवशी बाळाची हालचाल मंदावली. तातडीचे सिझेरियन झाले. गर्भजल हिरवे होते आणि बाळास नऊ दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. बाळ वाचले, हे दैव. त्या नऊ दिवसांत आम्हांस पुन्हा ग्रंथ उघडावे लागले, आणि आमचा दृष्टान्त ग्रंथाशी विसंगत होता हे तेव्हा उमगले.

शास्त्र काय सांगते

चरकाचार्यांनी नववा व दहावा मास हा प्रसवकाल सांगितला असून त्यापलीकडे गर्भाचे कुक्षीत राहणे वैकारिक मानले आहे. म्हणजे 'निसर्गावर सोडा' ही भूमिका अमर्याद काळासाठी आयुर्वेदाची नाही. दुसऱ्या बाजूस, आवी उत्पन्न होण्यापूर्वी स्त्रीला प्रवाहण करावयास लावू नये, असाही स्पष्ट निषेध चरकाने केला आहे. अकाली घाई व अकारण विलंब हे दोन्ही दोषच होत.

नवव्या मासातील मधुरौषधसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती आणि योनिपिचू यांचा हेतू अपान वायूचे अनुलोमन व अपत्यमार्गाचे स्नेहन हा आहे. ही पूर्वतयारी होय. विकाराचे कारण उपस्थित झाल्यावर कळा आणण्याचा पर्याय म्हणून तिचा उपयोग करणे हा आमच्यासारखाच प्रमाद ठरेल. पाणमोट फुटलेली असता, रक्तस्राव असता अथवा वार खाली असता पिचू वर्ज्य समजावा.

गर्भाशयमुखाची परीक्षा

कळा आणण्याचे यश मुख्यतः गर्भाशयमुखाच्या स्थितीवर अवलंबून असते. १९६४ मध्ये एडवर्ड बिशप यांनी त्यासाठी गुणपद्धती मांडली. मुख किती उघडले, किती आखूड झाले, किती मऊ झाले, त्याची दिशा कोणती आणि बाळाचे डोके किती खाली आले, या पाच गोष्टींस एकूण १३ गुण आहेत. गुण ८ हून अधिक असल्यास यशाची शक्यता आपोआप येणाऱ्या कळांसारखीच असते. ६ किंवा त्याहून कमी असल्यास प्रथम मुख मऊ करावे लागते. त्यासाठी डायनोप्रोस्टोन जेल, मिसोप्रोस्टॉल अथवा फोलीच्या नळीचा फुगा वापरतात. पुढे पाणमोट फोडणे व ऑक्सिटोसिनचे सलाईन हा क्रम असतो.

या सर्वांस एक-दोन दिवसही लागू शकतात. ही गोष्ट कुटुंबास आधी सांगितलेली नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी "अजून काही होत नाही, आता सिझरच करा" असा तगादा सुरू होतो. माता व बाळ सुस्थितीत असतील तर पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर किमान १२ ते १८ तास वाट पाहिल्याखेरीज प्रयत्न फसला असे म्हणू नये, अशी आजची शिफारस आहे. एवढे आपण समजावून सांगितले तरी अनेक शस्त्रक्रिया टळतील.

'शेवटी सिझरच व्हायचे, तर आधीच का नको?'

हा सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यामागील गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत जोखीम नसलेल्या ६,१०६ प्रथम गर्भिणींवरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के, तर वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के आढळले. कळा आणल्या म्हणजे सिझेरियन ठरलेलेच, ही समजूत यावरून टिकत नाही. यावरून सर्वांनाच ३९ व्या आठवड्यात कळा आणाव्यात असा अर्थ मात्र काढू नये. तेथील अखंड देखरेख सर्वत्र उपलब्ध नसते.

आपल्या नागपुरातील दोन सार्वजनिक रुग्णालयांत उच्च रक्तदाब असलेल्या ६०२ गर्भिणींवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, ही अभिमानाची बाब आहे. मुखावाटे २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल दिलेल्या गटात ५७ टक्के स्त्रिया, तर फोलीच्या गटात ४७ टक्के स्त्रिया २४ तासांच्या आत योनिमार्गे प्रसूत झाल्या. रक्तदाब वाढला म्हणजे थेट शस्त्रक्रिया, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे आकडे ध्यानी घ्यावेत.

दिवस उलटण्याविषयी २०१९ मधील स्वीडनचा अभ्यास बोलका आहे. २,७६० स्त्रियांपैकी निम्म्यांना ४१ आठवडे पूर्ण होताच कळा आणल्या, उर्वरित ४२ पर्यंत थांबल्या. थांबलेल्या गटात सहा बालके दगावली, कळा आणलेल्या गटात एकही नाही. अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. हे वाचताना आमच्या त्या गर्भिणीचे स्मरण झाल्यावाचून राहिले नाही.

शस्त्रक्रिया केव्हा श्रेयस्कर?

वारेने गर्भाशयमुख झाकलेले असणे, प्रसूतीच्या वेळीही मूल आडवे असणे, पूर्वीच्या सिझेरियनचा छेद गर्भाशयाच्या वरील भागात उभा असणे, अशा वेळी नियोजित शस्त्रक्रियेस पर्याय नाही. पायाळू मुलाच्या बाबतीत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६ देशांतील अभ्यासानंतर बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियाच स्वीकारली गेली. तत्पूर्वी मूल बाहेरून फिरविण्याचा प्रयत्न तज्ज्ञ करू शकतात. तेलाने पोट चोळून मूल फिरविण्याचे घरगुती प्रयोग मात्र कटाक्षाने थांबवावेत.

पूर्वी एक सिझेरियन झालेल्या स्त्रीस आपोआप कळा आल्यास जुना व्रण फाटण्याची शक्यता सुमारे दोनशेत एक असते. कळा आणल्यास ती वाढते. अशा स्त्रीस दिवस भरल्यावर मिसोप्रोस्टॉल देणे निषिद्ध आहे. तिची प्रसूती शस्त्रक्रियेची तातडीची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावी.

नियोजित सिझेरियन दुसरे कारण नसल्यास ३९ आठवड्यांपूर्वी करू नये, कारण बाळास श्वसनाचा त्रास होण्याचे प्रमाण वाढते. मुहूर्तासाठी ३७ व्या आठवड्याचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबास हे वैद्याने स्पष्ट शब्दांत सांगावे.

पुढील बाळंतपणाचाही विचार हवा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांमध्ये ती गर्भाशयात रुतलेली आढळण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर शासकीय रुग्णालयांत १४.३ टक्के होते. या तफावतीचे सर्व कारण गर्भिणीच्या शरीरात नाही, हे सांगावयास नको.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

मिसोप्रोस्टॉलची सर्वत्र मिळणारी गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते. कळा आणण्याची मात्रा २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या गोळीचा आठवा भाग. ही गोळी चिठ्ठीवाचून देणे म्हणजे गर्भाशय फाटण्यास निमंत्रण देणे होय. आपल्या दुकानातील द्रव्यांविषयीही तेवढेच दक्ष असावे. कळलावीचे नावच तिचा लौकिक सांगते. परंतु तिच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते. एरंडेलाने जुलाब होऊन गर्भिणी क्षीण होते आणि पूर्वीचा व्रण असल्यास धोका वाढतो. "सुटका लवकर व्हावी" म्हणून कोणी ही द्रव्ये मागितल्यास नकार द्यावा आणि रुग्णालयात पाठवावे.

संमती कोणाची?

मूढगर्भाच्या चिकित्सेस हात घालण्यापूर्वी अधिपतीस विचारावे आणि मग परम यत्न करावा, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. संमतीचे तत्त्व इतके जुने आहे. आज तो अधिकार त्या स्त्रीचा आहे. दवाखान्यात सासू बोलते, पती बोलतो. गर्भिणी खाली मान घालून बसते. आम्ही अलीकडे तिला प्रथम बोलते करतो. कळांची भीती आहे की शस्त्रक्रियेची? पुढे आणखी मूल हवे आहे का? घरापासून रुग्णालय किती दूर? मग तिला प्रसूतितज्ज्ञांस विचारावयाचे चार प्रश्न लिहून देतो : कारण काय, गर्भाशयमुखाची स्थिती कशी आहे, थांबल्यास धोका कोणता आणि पहिला प्रयत्न न साधल्यास पुढे काय?

गेल्या वर्षी रक्तदाब वाढलेली एक गर्भिणी हा कागद घेऊन गेली. कळा आणण्याचे ठरले, तीस तास लागले आणि ती सुखरूप प्रसूत झाली. तिच्या जावेचे मूल पायाळू होते. तिचे नियोजित सिझेरियन झाले आणि तेही तितकेच योग्य होते. सूतिकावस्थेत दोघीही आमच्याकडेच आल्या. अभ्यंग, आहार, स्तन्याची काळजी हे आपले खरे क्षेत्र तेथे सुरू होते. त्यापूर्वी आपले काम एवढेच की, योग्य निर्णयाच्या वाटेत आपण आड येऊ नये.